एचएलए-बी२७चा अहवाल कसा वाचावा

पंचविशीतल्या एखाद्या माणसाची कंबर महिनोन्‌महिने दुखत राहते. ‘मणक्यात गॅप आहे’ असे कोणी सांगते, ‘गादी सरकली असेल’ असे दुसरे कोणी सांगते. पट्टा बांधून होतो, शेकून होते, मलमे चोळून होतात, आणि मग कधीतरी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर एचएलए-बी२७ ही रक्ताची जनुकीय तपासणी लिहिलेली दिसते. अहवाल बहुधा डॉक्टरांच्या आधी रुग्णाच्या मोबाइलवर येतो आणि त्यातला ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द वाचून घरात काळजी पसरते. ज्याचा अहवाल ‘निगेटिव्ह’ येतो तो मात्र आता चिंतेचे कारण उरले नाही असे समजून पुन्हा पट्टा बांधतो. हे दोन्ही निष्कर्ष घाईचे आहेत. अहवाल वाचण्याचा एक क्रम आहे: आधी दुखण्याचा स्वभाव पाहावा, मग जनुकाचा अहवाल, आणि त्यानंतर दाहाच्या (इन्फ्लमेशनच्या) व सांध्यांच्या इतर तपासण्या. हा क्रम उलटला की अहवाल बिनचूक असूनही त्याचा अर्थ चुकीचा लावला जातो. पुढील विवेचन अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे दाहाने कणा हळूहळू ताठ करणाऱ्या संधिवाताला धरून केले आहे, कारण कण्याच्या दाहकारक आजारांपैकी याच आजारात जनुक आणि रोगप्रतिकार यंत्रणा यांचा संबंध सर्वांत ठळक दिसतो.

आधी दुखणे नीट पाहावे

कंबरदुखी बहुतेकांना आयुष्यात केव्हा ना केव्हा होते आणि तिच्यातली बहुतांश स्नायूंच्या ताणाची किंवा मणक्यांच्या झिजेची असते. अशी दुखी काम केल्याने, ओझे उचलल्याने, दिवसभर उभे राहिल्याने वाढते आणि आडवे पडले की कमी होते. दाहामुळे होणारी दुखी नेमकी याच्या उलट वागते. ती चाळिशीच्या आत, कोणत्याही धक्क्याशिवाय, नकळत सुरू होते. विश्रांतीने कमी होत नाही, उलट हालचालीने सैल पडते. आणि पहाटेच्या सुमारास माणसाला झोपेतून उठवते. सकाळी अंथरुणातून उठताना पाठ लाकडासारखी आखडलेली असते आणि मोकळी व्हायला अर्धा तास, कधी त्याहूनही अधिक वेळ लागतो. काही जणांना एकदा डाव्या आणि एकदा उजव्या ढुंगणात खोल दुखते. त्याला सायटिका समजण्याची चूक नेहमी होते. सायटिकाची कळ बहुधा गुडघ्याखाली पायापर्यंत उतरते, ही सहसा तेवढी खाली जात नाही.

म्हणून अहवाल उघडण्यापूर्वी दोन आठवड्यांची साधी नोंद ठेवावी. सकाळी किती वाजता उठलो, पाठ किती मिनिटांनी मोकळी झाली, रात्री दुखण्याने जाग आली का, चालून आल्यावर बरे वाटले की वाईट, आणि डॉक्टरांनी दिलेल्या दाहशामक गोळीचा परिणाम एक-दोन दिवसांत दिसला का, एवढे लिहिले तरी पुरे. त्याच कागदावर आणखी चार प्रश्नांची उत्तरे लिहावीत: डोळा कधी लाल होऊन दुखला होता का, त्वचेवर किंवा टाळूवर सोरायसिसचे चट्टे आहेत का, दीर्घकाळ जुलाब किंवा शौचातून रक्त जाण्याचा त्रास झाला आहे का, आणि टाच सकाळी टेकवत नाही असे कधी झाले का. हे प्रश्न पाठदुखीशी असंबद्ध वाटतात आणि रुग्ण ते आपण होऊन सांगत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना डोळा दाखवलेला असतो आणि त्वचेच्या डॉक्टरांना त्वचा, परंतु हे सारे एकाच माणसाचे आहे हे कोणाच्याच कागदावर नसते.

अहवालाच्या कागदावर काय असते

एचएलए-बी२७ हे एक प्रथिन आहे आणि त्याचे जनुक सहाव्या गुणसूत्रावर असते. ही तपासणी साधारणपणे दोन पद्धतींनी होते. फ्लो सायटोमेट्रीत पांढऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर ते प्रथिन आहे की नाही हे पाहतात, तर पीसीआरमध्ये प्रत्यक्ष जनुकच शोधतात. पहिल्या पद्धतीत एक अडचण आहे: एचएलए-बी७ नावाचे प्रथिन बी२७सारखेच दिसत असल्याने तपासणीतील प्रतिपिंड (अँटिबॉडी) त्यालाही चिकटू शकते. त्यामुळे अहवालावर पद्धत कोणती लिहिली आहे ते पाहावे, आणि फ्लो सायटोमेट्रीचा निकाल ‘सीमारेषेवर’ किंवा ‘संदिग्ध’ असा आला असेल तर पीसीआरने पुन्हा तपासणी करून घ्यावी. पीसीआरचा निकाल स्पष्ट असेल तर ही तपासणी आयुष्यात दुसऱ्यांदा करण्याची गरज नाही. जनुक जन्मतः मिळालेले असते. ते उपाशीपोटी बदलत नाही, औषधाने बदलत नाही आणि आजार बरा वाटू लागला म्हणूनही बदलत नाही. आमच्या उपचाराने बी२७ पॉझिटिव्हचे निगेटिव्ह झाले अशी जाहिरात कोणी करत असेल, तर तेवढ्या एका वाक्यावरून त्या उपचाराची पारख करता येते.

बी२७चे अनेक उपप्रकार आहेत आणि ते सारे सारखेच घातक नसतात. बी*२७:०५ जगात सर्वाधिक पसरलेला आहे, बी*२७:०४ आशियात आढळतो, आणि दोन्हींचा आजाराशी घट्ट संबंध आहे. याउलट आग्नेय आशियातील बी*२७:०६ आणि इटलीच्या सार्डिनिया बेटावरील बी*२७:०९ यांचा आजाराशी संबंध क्षीण आहे. बी*२७:०९ आणि बी*२७:०५ यांच्यात केवळ ११६व्या स्थानावरील एका अमिनो आम्लाचा फरक आहे. एवढ्या सूक्ष्म बदलाने आजाराची शक्यता इतकी खाली यावी, हे या विषयातील सर्वांत विलक्षण निरीक्षण म्हणावे लागेल. अर्थात, नेहमीच्या अहवालात उपप्रकार दिलेला नसतो आणि उपचार ठरवण्यासाठी तो लागतही नाही. त्यासाठी वेगळा खर्च करू नये.

पॉझिटिव्हचे वजन किती

बी२७ आणि हा आजार यांचा संबंध १९७३ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवून दिला, एक लंडनचा आणि दुसरा लॉस एंजेलिसचा. लंडनच्या अभ्यासात ७५ रुग्णांपैकी ७२ जणांत बी२७ सापडले, तर तुलनेसाठी घेतलेल्या ७५ जणांपैकी केवळ ३ जणांत. हे आकडे वाचून कोणालाही वाटेल की बी२७ म्हणजेच आजार. परंतु हा प्रश्न दोन टोकांकडून विचारता येतो आणि त्याची उत्तरे वेगवेगळी येतात. रुग्णांपैकी किती जणांत बी२७ असते, तर बहुतेकांत. बी२७ असलेल्यांपैकी किती जण रुग्ण होतात, तर शंभरात साधारण एक ते पाच. बाकीचे पंच्याण्णव किंवा त्याहून अधिक जण हे जनुक बाळगून आयुष्य काढतात आणि त्यांना त्याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून ‘पॉझिटिव्ह’ या शब्दाला स्वतःचे असे ठरलेले वजन नाही. तो कोणाच्या कागदावर आला आहे यावर ते अवलंबून असते. बर्लिनमधील संधिवाततज्ज्ञांनी २००४ साली यासाठी एक हिशेब मांडला, तो समजून घेण्यासारखा आहे. जुनाट कंबरदुखी असलेल्या शंभर जणांत कण्याच्या दाहाचा आजार साधारण पाच जणांना असतो. दुखण्याचा स्वभाव वर सांगितल्याप्रमाणे दाहाचा असेल, तर ही शक्यता शंभरात चौदापर्यंत जाते. त्यात बी२७ पॉझिटिव्ह आले, तर ती साठच्या आसपास पोहोचते. तोच अहवाल निगेटिव्ह आला आणि इतर कोणतेही लक्षण नसेल, तर ती दोनच्याही खाली उतरते. ही मोजणी युरोपातील रुग्णांवरील अभ्यासांतून आलेली असल्याने आकडे इथे जसेच्या तसे लावू नयेत, मात्र हिशेबाची रीत सर्वत्र तीच आहे. साठ म्हणजे शंभर नव्हे, हेही ध्यानात ठेवावे. उरलेले अंतर एमआरआय, डोळ्याचा पूर्वेतिहास, दाहशामक गोळीचा परिणाम आणि कुटुंबातील आजार यांनी भरून काढायचे असते.

निगेटिव्ह अहवालाबाबतही तेच तारतम्य हवे. शंभर रुग्णांपैकी दहा-वीस जण बी२७शिवायच आजारी पडलेले असतात, आणि सोरायसिस किंवा आतड्याच्या दाहासोबत कणा धरलेला असेल तर हे प्रमाण आणखी वाढते. पाठ पहाटे आखडत असेल आणि टाळूवर चट्टे असतील, तर निगेटिव्ह अहवाल बाजूला ठेवून संधिवाततज्ज्ञांची भेट घ्यावी.

हे जनुक करते तरी काय

बाजार समितीत पोत्यातले मूठभर धान्य ताटलीत काढून व्यापाऱ्यापुढे धरतात आणि त्या मुठीवरून तो अख्ख्या पोत्याची पारख करतो. शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी असेच करत असते. आत तयार होणाऱ्या प्रथिनांचे आठ-दहा अमिनो आम्लांचे तुकडे ती एचएलए प्रथिनाच्या ताटलीत ठेवून पृष्ठभागावर मांडते आणि गस्त घालणाऱ्या टी-पेशी, म्हणजे रोगप्रतिकार यंत्रणेतील एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, ते तपासतात. तुकडा विषाणूचा निघाला तर त्या पेशीला मारले जाते. बी२७ ही अशीच एक ताटली आहे आणि तिच्या खोबणीत विशिष्ट आकाराचेच तुकडे नीट बसतात. संसर्गाशी लढताना ही ताटली उपयोगी पडते: एचआयव्हीचा संसर्ग झालेल्या बी२७धारकांत आजार तुलनेने सावकाश वाढतो. हे जनुक मानवजातीत टिकून का राहिले असावे, याचा थोडा अंदाज त्यावरून बांधता येतो.

मग हीच ताटली सांध्यांवर का उलटते? याविषयी तीन मते आहेत आणि प्रत्येकाच्या बाजूने पुरावा आहे. पहिल्या मतानुसार जंतूचा आणि स्वतःच्या शरीरातील प्रथिनाचा तुकडा बी२७च्या खोबणीत सारखाच दिसतो आणि टी-पेशी फसतात. बरीच वर्षे हा केवळ तर्क होता; २०२२च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात रुग्णांच्या सांध्यांतील व डोळ्यांतील टी-पेशींचे ग्राहक (तुकडा ओळखणारे रिसेप्टर) घेऊन ते जंतूंचे आणि स्वतःचे असे दोन्ही तुकडे ओळखतात हे दाखवण्यात आले, तेव्हापासून या मताला बळ आले आहे. दुसरे मत असे की बी२७ची घडी पेशीच्या आत संथपणे आणि चुकत पडते, चुकीच्या घड्यांचा ढीग साचतो आणि त्या ताणाने पेशी दाहाचे संदेश सोडू लागते. तिसऱ्या मतानुसार बी२७चे दोन रेणू एकमेकांना चिकटून पृष्ठभागावर येतात आणि ही विचित्र जोडी काही रोगप्रतिकारक पेशींना चेतवते. माझ्या मते या तिघांपैकी एकाचीच निवड करण्याची घाई वाचकाने करू नये. आजार एकच असला तरी त्याच्याकडे जाणाऱ्या वाटा एकाहून अधिक असू शकतात.

बी२७ एकटे पुरत नाही हे कुटुंबांच्या अभ्यासातूनही दिसते. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला तर दुसऱ्याला तो होण्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक आढळले, मात्र वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांत, दोघांतही बी२७ असले तरी, ते बरेच कमी होते. म्हणजे आणखी जनुके कामाला लागलेली आहेत. २००७ साली त्यांपैकी दोन ठळकपणे सापडली. एक ईआरएपी१, जे ताटलीत ठेवायचे तुकडे योग्य लांबीचे कापून देते. त्याचा परिणाम मुख्यतः बी२७ असलेल्यांतच दिसतो, हे पुढे स्पष्ट झाले. दुसरे आयएल-२३ या संदेशवाहकाच्या ग्राहकाचे जनुक. आज अशा जनुकीय ठिकाणांची संख्या शंभरावर गेली आहे, आणि त्यांतील प्रत्येकाचा वाटा बी२७च्या तुलनेत अगदी लहान आहे.

जनुके जन्मापासून असतात, मग आजार विशी-पंचविशीत का उठतो, याचे उत्तर बहुधा आतड्यात आणि सांध्यावरील भारात आहे. मानवी बी२७ घातलेल्या उंदरांना सांध्यांचा व आतड्याचा दाह होतो हे १९९० साली दिसले. तेच उंदीर पूर्णपणे जंतुरहित वातावरणात वाढवले असता त्यांना तो झाला नाही, असे १९९४ साली आढळले. रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या आतड्यात, पोटाची कोणतीही तक्रार नसताना, सूक्ष्मदर्शकाखाली दाह दिसतो. दुसरीकडे, हा आजार सुरू होतो तो कंडरा आणि अस्थिबंध हाडाला जिथे चिकटतात तिथे: टाच, माकडहाडाजवळचे सांधे, मणक्यांच्या कडा, म्हणजे शरीराचा भार आणि ओढ जिथे सतत पडते त्या जागा. त्या जागी राहणाऱ्या काही टी-पेशी आयएल-२३चा संदेश मिळताच आयएल-१७ सोडतात आणि दाह पेटतो, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. दाह शमला की तिथे नवीन हाड धरू लागते, आणि वर्षानुवर्षे असे होत गेले की मणके एकमेकांना सांधले जातात.

बाकीचे कागद

‘संधिवात पॅकेज’ या नावाने पाच-सहा तपासण्या एकत्र केल्या जातात आणि त्यांतील बऱ्याच या आजाराशी संबंधित नसतात. आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या आमवाताच्या, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या तपासण्या आहेत. त्या आजाराचा जनुकीय पाया वेगळा, एचएलए-डीआरबी१चा, आणि त्यात प्रतिपिंडे तयार होतात. धूम्रपानाने त्या प्रतिपिंडांना चालना मिळते. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसमध्ये निदानाला उपयोगी पडेल असे कोणतेही प्रतिपिंड नाही, त्यामुळे ‘आरए निगेटिव्ह’ म्हणजे ‘संधिवात नाही’ असा अर्थ काढू नये. ईएसआर आणि सीआरपी दाह मोजतात खरे, पण बऱ्याच रुग्णांत ते आजार चालू असतानाही सामान्य असतात. वाढलेले असतील तर उपयोगी, नसतील तर निर्णायक नव्हेत.

क्ष-किरण चित्रात सांध्याचा बदल दिसायला अनेक वर्षे लागतात. एमआरआयमध्ये माकडहाडाजवळच्या सांध्यांतील हाडाची सूज त्याच्या बरीच आधी दिसते. परंतु एमआरआय साध्या कमरेचा काढला तर हे सांधे नीट येत नाहीत, म्हणून चिठ्ठीवर सॅक्रोइलियाक सांध्यांचा एमआरआय असे स्पष्ट लिहिले आहे का ते पाहून घ्यावे. तशीच सूज बाळंतपणानंतर काही महिने आणि भरपूर धावणाऱ्यांतही दिसू शकते. त्यामुळे अलीकडे बाळंतपण झाले असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. आपल्याकडे आणखी एक शक्यता कायम मनात ठेवावी लागते: सूज एकाच बाजूला असेल, ताप येत असेल, वजन घटत असेल, तर हाडाचा क्षय नाही ना हे आधी तपासावे लागते. बी२७ पॉझिटिव्ह असलेल्या माणसालाही क्षय होऊ शकतो.

घरातील इतरांची तपासणी

‘मुलांचीही तपासणी करून घेऊ का?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. बी२७ आई-वडिलांपैकी एकाकडून एका प्रतीत आलेले असेल तर ते प्रत्येक अपत्याला मिळण्याची शक्यता निम्मी असते, मात्र आजार होण्याची शक्यता त्याहून कितीतरी कमी: रुग्णाच्या मुला-भावंडांत ती शंभरात साधारण आठ इतकी आढळली आहे. लक्षणे नसलेल्या मुलाचा अहवाल पॉझिटिव्ह आला तरी त्यासाठी द्यायचे कोणतेही प्रतिबंधक औषध आज नाही. उरते ती फक्त धास्ती, आणि खेळताना दुखावलेल्या प्रत्येक गुडघ्याकडे संशयाने पाहणे. म्हणून निरोगी मुलांची तपासणी करू नये. त्याऐवजी घरातल्या सर्वांना पहाटेच्या आखडण्याचे, टाचेच्या दुखण्याचे आणि लाल डोळ्याचे लक्षण ओळखायला शिकवावे.

अहवालावरून उपचारांकडे

रोगप्रतिकार यंत्रणेचा संबंध आहे असे कळताच अनेक जण ‘प्रतिकारशक्ती वाढवणारी’ चूर्णे आणि काढे सुरू करतात. येथे ती यंत्रणा दुबळी झालेली नसते. ती नको तिथे नेटाने काम करत असते. उपचारांचा पाया दाहशामक गोळ्या आणि रोजचा व्यायाम हाच आहे; त्यात कण्याचे ताण, खोल श्वसन, पोहणे किंवा चालणे येते. त्याने भागले नाही तर टीएनएफ किंवा आयएल-१७ या दाहाच्या संदेशवाहकांना अडवणारी इंजेक्शने, अथवा जेएके या विकरांना रोखणाऱ्या गोळ्या येतात. मेथोट्रेक्सेट हे संधिवातावरचे औषध हातापायांच्या सांध्यांना उपयोगी पडू शकते, पण कण्याच्या दाहावर त्याचा परिणाम होत नाही. आणि आयएल-२३ला अडवणारी औषधे सोरायसिसवर व आतड्याच्या दाहावर उत्तम चालतात, मात्र या आजाराच्या कण्यावरील चाचण्यांत ती अपयशी ठरली, ही गोष्ट वर दिलेल्या आयएल-२३ ते आयएल-१७ या सरळ साखळीला छेद देणारी आहे. जनुकातून औषधापर्यंतचा रस्ता कागदावर दिसतो तितका सरळ नसतो.

इंजेक्शन सुरू होण्यापूर्वी छातीचे क्ष-किरण चित्र आणि सुप्त क्षयाची तपासणी होणे आवश्यक आहे, कारण टीएनएफ हा क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवणाऱ्या भिंतीचा एक आधार असतो आणि तो काढला की सुप्त क्षय जागा होऊ शकतो. आतड्याचा दाह असेल तर आयएल-१७ची औषधे टाळली जातात, आणि डोळ्याचा दाह वारंवार होत असेल तर टीएनएफविरोधी औषधांपैकी एटानरसेप्टऐवजी अडालिमुमॅबसारखे, प्रतिपिंडाच्या स्वरूपातले औषध निवडले जाते. पहिल्या परिच्छेदांत सांगितलेले ते चार असंबद्ध वाटणारे प्रश्न येथे उपयोगी पडतात. धूम्रपान करणाऱ्यांत मणके सांधले जाण्याची गती अधिक असते, तेव्हा सिगारेट आणि बिडी दोन्ही सोडावी.

संधिवाततज्ज्ञांकडे जाताना मूळ अहवाल, एमआरआयच्या केवळ निष्कर्षाचा कागद नव्हे तर चित्रांची सीडी, दोन आठवड्यांची नोंद आणि आधी घेतलेल्या गोळ्यांची नावे सोबत न्यावीत. मात्र भेटीची वाट पाहू नये अशा तीन वेळा आहेत. डोळा लाल होऊन दुखू लागला आणि उजेड सहन होईना, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. लघवी-शौचावरचा ताबा सुटला किंवा जांघेचा भाग बधिर झाला, तर थेट रुग्णालय गाठावे. आणि ज्याचा कणा अनेक वर्षांच्या आजाराने ताठ झाला आहे, तो न्हाणीघरात साधा घसरला आणि मान किंवा पाठ नव्याने दुखू लागली, तर मालिश किंवा मान मोडून घेणे कटाक्षाने टाळावे. सांधलेला कणा ठिसूळ असतो, किरकोळ पडण्यानेही त्याला तडा जाऊ शकतो आणि तो तडा साध्या क्ष-किरण चित्रात निसटू शकतो, म्हणून मान स्थिर ठेवून सीटी स्कॅनची सोय असलेल्या ठिकाणी जावे.